वीतभर पाणी

बंदराच्या धक्क्यावरून नदीपर्यंत उतरायला एकवीस पायऱ्या होत्या आणि मापाऱ्याच्या गुडघ्यांना त्यातली एकेक पाठ होती. सव्वीस वर्षं तो रोज सकाळी त्या उतरत आला होता. पहिली पंधरा वर्षं उतरायला काही वाटत नसे, चढायलाही नाही. नंतर चढताना दम लागू लागला. आता तर उतरतानाच परत वर यायची काळजी सुरू व्हायची. निवृत्तीला चौदा महिने राहिले होते. बायको म्हणायची, "चौदा महिने काय, बघता बघता जातील." तिला म्हणायला काय जातंय, बांबू तिला उचलायचा नव्हता.

काम सांगायला सोपं होतं. नदी मोजायची. खाली होडी, होडीत त्याच्याच बरोबरीनं म्हातारा होत चाललेला नावाडी, आणि लाल-पांढरे पट्टे मारलेला, बुडाला लोखंडी टोपण बसवलेला लांब बांबू. धक्क्यापासून खालच्या वळणापर्यंत सात ठिकाणी बांबू तळाला टेकवायचा. सातांत जिथे पाणी सगळ्यांत कमी, ते धरायचं. त्यातून एक फूट बोटीच्या बुडाखाली मोकळं राहावं म्हणून वजा करायचं, हा सरकारी नियम. उरेल तो आकडा कचेरीच्या भिंतीवरच्या फळ्यावर खडूनं लिहायचा आणि तोच आत वहीत उतरवायचा. माल वाहणाऱ्या बार्जच्या अंगावर फुटांच्या खुणा रंगवलेल्या असतात. फळ्यावर नऊ असेल तर नवाची खूण पाण्याला टेकेपर्यंत माल भरायचा; त्यावर एक फरशीसुद्धा नाही.

फरशी म्हणायचं कारण, या बंदराचं पोट फरशीवर होतं. आत डोंगराकडे दगडाच्या खाणी होत्या. तिथला दगड कापून, घासून, पेट्यांत भरून इथे यायचा. इथून नदीनं समुद्राच्या तोंडाशी, तिथून मोठ्या जहाजानं परदेशात, कुणाच्या तरी स्वयंपाकघरात. परत येताना बार्ज यंत्रांचे भाग आणि कागदाची रद्दी घेऊन यायच्या. त्या येण्या-जाण्यावर पेट्या ठोकणारे सुतार जगायचे, वजनकाट्यावरचे कारकून जगायचे, दोरखंडाचं दुकान, टायरवाला, खोल्या भाड्यानं देणाऱ्या दोन विधवा बहिणी, सगळे जगायचे. जगायचे म्हणजे कसेबसे. बंदर वाढणार, वाढणार, असं मापारी नोकरीला लागला तेव्हापासून ऐकत होता. बंदर तेवढंच राहिलं होतं आणि शेजारून समुद्रापर्यंत चौपदरी रस्ता मात्र झाला होता.

आता मुद्द्याची गोष्ट. मापारी फळ्यावर खरा आकडा लिहीत नसे. जो येईल त्यातून एक वीत कमी करून लिहायचा. वीत म्हणजे नऊ इंच. हे त्याला आधीच्या मापाऱ्यानं शिकवलं होतं. म्हातारा पहिल्याच दिवशी होडीत म्हणाला होता, "सरकारचा एक फूट सरकारच्या समाधानासाठी. नदीची वीत वेगळी काढायची. कुणाला सांगायचं नाही, नाहीतर तीही खातील." नवा मापारी आधीच नाकासमोर चालणारा, त्यात नदीला भिणारा. म्हाताऱ्याचं बोलणं त्यानं जे धरलं ते धरलंच. सव्वीस वर्षांत एक बार्ज अडकली नाही, आणि ते आपल्या वितीमुळे, याबद्दल त्याला मनातून फार अभिमान होता. तो कुणाला सांगता येत नव्हता, हीच काय ती पंचाईत.

बार्ज भरून घ्यायचं काम मुकादमाकडे होतं. जाडजूड, कमी बोलणारा, क्रेनवाल्याला नुसत्या बोटांनी हुकूम देणारा माणूस. आठ वर्षांपूर्वी मापाऱ्याची मुलगी मुकादमाच्या मुलाला दिली, तेव्हापासून दोघे व्याही. त्याआधी एकमेकांना अरे-तुरे करणारे हे दोघे लग्न ठरल्या दिवसापासून अहो-जाहो करायला लागले, ते धक्क्यावरच्या लोकांना काही दिवस फार करमणुकीचं झालं होतं. जावई बंदरात लागेल असं दोघांनाही वाटलं होतं. पण बंदरात जागा निघेना. शेवटी तो रस्त्यावर गेला, म्हणजे ट्रकवर. पंधरा दिवसांनी दोन दिवस घरी यायचा. त्या दोन दिवसांत एक दिवस झोपायचा.

या सगळ्यात ढवळाढवळ झाली ती नव्या मॅडम आल्यावर. बंदर अधिकारी म्हणून आलेल्या, तिशी-पस्तिशीच्या, चालायला भराभर. त्यांनी परदेशातल्या एका मोठ्या जहाज कंपनीशी बोलणं लावलं होतं. कंपनीचं जहाज महिन्यातून दोनदा नदीच्या तोंडाशी येणार, या बंदरानं ठरल्या दिवशी ठरला माल तिथे पोचवायचा. सहा फेऱ्या वेळेवर झाल्या तर कायमचा करार. मॅडमनी सगळ्यांना धक्क्यावर उभं करून समजावलं. "एक बार्ज म्हणजे साठ ट्रक. हा माल नदीनं गेला तर खाणवाल्याला परवडतं, तो आणखी माणसं लावतो, माणसं बाजारात येतात. राज्य असं वाढतं, भाषणांनी नाही." मग मापाऱ्याकडे बघून म्हणाल्या, "आणि काका, पाण्याचा आकडा मला चोख लागेल. वीतभर पाणी म्हणजे दहा ट्रक माल."

वीत हा शब्द ऐकल्याबरोबर मापाऱ्याच्या मनात आलं, यांना कळलं की काय? तसं काही नव्हतं. त्या आपल्या बोलून गेल्या होत्या. पण चोराच्या मनात चांदणं.

दुसऱ्या आठवड्यात यंत्र आलं. लाँचच्या बुडाला बसवलेला डबा आणि वर छोटा पडदा. पाणी किती ते पडद्यावर आपोआप उमटायचं. मॅडम म्हणाल्या, पहिल्या फेरीला तुमचा बांबू आणि हे यंत्र दोन्ही चालवू. ताळा बघू.

ही खरी परीक्षा होती आणि मापाऱ्याला रात्रभर झोप लागली नाही असं म्हणायला हरकत नाही. वीत कमी सांगावी तर यंत्र त्याला खोटं पाडणार. सव्वीस वर्षांच्या हाताला एक डबा हसणार. त्या दिवशी सातही ठिकाणी त्यानं बांबू असा टेकवला की गाळ कुठे संपतो आणि वाळू कुठे लागते ते तळहाताला कळावं. गाळात बांबू लोण्यात सुरी जावी तसा जातो. तिथे फसायचं नाही, हलकेच धरायचं. सगळ्यांत उथळ जागी त्यानं सांगितलं, "दहा फूट." लाँचवरून उत्तर आलं, "दहा."

मॅडम मनापासून हसल्या. "काका, तुमच्यापुढे यंत्र झक मारतं." इतकं बरं त्याला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. त्या भरात तो एकवीस पायऱ्या न थांबता चढला, दहातून सरकारचा एक फूट वजा केला आणि फळ्यावर लिहिलं, नऊ. पुरते नऊ. नदीची वीत त्यानं नोकरीत पहिल्यांदा काढली नाही.

बार्ज भरली, निघाली आणि दोन तासांनी खालच्या वळणावर बसली. चालत्या बोटीचं बूड पाण्यात आणखी थोडं बसतं. ते वाळूला टेकलं आणि तिथेच राहिलं. चार दिवस ती तशीच बसून होती. दुसरी बार्ज नेऊन पेट्या उतरवाव्या लागल्या. तिकडे समुद्राच्या तोंडाशी कंपनीच्या जहाजानं एक दिवस वाट पाहिली आणि ते निघून गेलं. कंपनीचं पत्र आलं, दोन ओळींचं. चाचणी तूर्त थांबवत आहोत.

पाणी तर दोघांनी मोजलं होतं, तेव्हा पाण्याचा दोष नव्हता. मॅडमनी बार्जवरच्या खुणा पाहिल्या. फळ्यावर नऊ असताना माल पावणेदहाला भरला होता. मुकादमाला बोलावलं. "नऊ लिहिलेलं दिसलं नाही?" तो म्हणाला, "दिसलं." "मग?" त्यावर तो म्हणाला, "चूक झाली." एवढंच. तीनदा विचारलं, तीनदा तेच. त्याला घरी बसवलं आणि चौकशी लावली. पुढच्या सोमवारी निकाल होता. बडतर्फ झाला तर पस्तीस वर्षांची नोकरी शेवटच्या वर्षी पाण्यात जाणार होती, आणि ज्या घरातली नोकरी जाणार होती त्याच घरात मापाऱ्याची मुलगी होती.

पावणेदहा म्हणजे बरोबर एक वीत जास्त. हे मापाऱ्याच्या ध्यानात आलं तेव्हा तो वहीपुढे बसला होता. तो तसाच उठला आणि व्याह्यांकडे गेला.

मुकादम ओसरीवर पाय पसरून बसला होता. दिवसाउजेडी घरी बसलेला मुकादम मापाऱ्यानं कधी पाहिला नव्हता. उगाच आजारी माणसासारखा दिसत होता.

"व्याही, एक विचारू? वीत का चढवलीत?"

मुकादमानं त्याच्याकडे पाहिलं. "का म्हणजे? तुम्ही उतरवता म्हणून."

मापारी खाली टेकला.

"माझ्या आधीच्या मुकादमानं सांगून ठेवलं होतं," मुकादम म्हणाला. "फळ्यावरचा आकडा वीतभर भित्रा असतो, तेवढी मिळवून भरायचं. पस्तीस वर्षं भरतोय. मला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे. तेरी भी चूप, मेरी भी चूप."

"मला नव्हतं ठाऊक."

"मग त्या दिवशी उतरवली का नाहीत?"

मापाऱ्याला यंत्राचं सांगायची लाज वाटली. पण सांगितलं. यंत्राशी ताळा, मॅडमचं हसणं, सगळं. मुकादम ऐकत राहिला आणि मग नाकातून जरासा हसला. "एका शब्दानं बोलला असतात. व्याही झालो तेव्हापासून तुम्ही माझ्याशी हवापाण्याशिवाय बोललाच नाहीत."

"तुम्ही तरी कुठे बोललात? आणि चौकशीत हे का नाही सांगितलं?"

"काय सांगू? माझे व्याही सव्वीस वर्षं खोटं लिहितात? सूनबाई आत भांडी घासतेय. तिच्या बापाचं नाव मी कचेरीत घेऊ?" त्यानं पाय आखडले. "माझं एक वर्ष राहिलंय, तुमचे चौदा महिने. कुणाचं तरी एक जाणारच. माझं जातंय तर जाऊ द्या. मी दमलोयही."

दमलोयही, हे मापाऱ्याला सगळ्यांत लागलं. दमलेला तर तोही होता. गेली पाच-सहा वर्षं रोज एकवीस पायऱ्या तो केवळ सवयीनं चढत होता. पण आपला थकवा दुसऱ्यानं स्वतःवर घेतलेला बघवत नाही.

घरी आल्यावर त्यानं बायकोला सांगितलं. ती डाळ निवडत होती, निवडतच राहिली. हात न थांबवता म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची खरी. पण मूठ तुमची आणि झाकायला हात त्यांचा, हे काही बरं दिसत नाही." मग ताटातला खडा उचलून बाहेर टाकला. "पोरीकडे मला मान वर करून जाता आलं पाहिजे."

सोमवारच्या आधी, शनिवारी दुपारी, मापारी मॅडमच्या खोलीत उभा राहिला आणि बोलला. बसा म्हटलं तरी बसला नाही. आधीचा मापारी, नदीची वीत, मुकादमाची वीत, सगळं एका दमात सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "व्याह्यांची चूक नाही. त्यांनी पस्तीस वर्षं जे केलं तेच त्या दिवशी केलं. बदललो मी."

मॅडमनी पेनचं टोपण काढलं. "रोज कमी लिहायचात?"

"रोज."

"सुट्टीच्या दिवशी?"

"सुट्टीच्या दिवशी नावाडी मोजायचा. त्यालाही मी शिकवलं होतं."

त्यांनी शिपायाला पाठवून वजनकाट्याचे कागद मागवले. हे कागद बंदराच्या एका टोकाच्या खोलीत असायचे, पाण्याची वही दुसऱ्या टोकाच्या; दोन्ही एका टेबलावर यायची पहिलीच वेळ. तासाभरात त्यांना जे बघायचं ते दिसलं. आधीच्या प्रत्येक फेरीला माल फळ्यापेक्षा वीतभर जास्त गेला होता आणि बुडाखाली सरकारचा एक फूट नेमका उरला होता. ना कमी, ना जास्त. मापाऱ्याच्या सव्वीस वर्षांच्या सावधगिरीनं नदीत एक इंच पाणी वाढलं नव्हतं.

"मुकादम मंगळवारपासून कामावर येतील," मॅडम म्हणाल्या. "ताकीद लेखी मिळेल, पण येतील. तुम्ही उद्यापासून मोजायला उतरू नका. भांडारात बसा. मी याहून जास्त करू शकत होते, पण तुम्ही स्वतः आलात."

मापाऱ्याला एवढं हलकं वाटलं की तो नमस्कार करून वळलाही. मॅडमनी त्याला थांबवलं. भिंतीशेजारच्या कपाटातून त्यांनी एक जाड, कडा खाल्लेली फाइल काढली आणि मधलं पान उघडून त्याच्यापुढे सरकवलं.

"बारा वर्षांपूर्वी राज्यानं हे बंदर मोठं करायचं ठरवलं होतं. नवा धक्का, दोन क्रेन, परदेशी मालाची गोदामं. सहाशे नोकऱ्या धरल्या होत्या. त्याला एकच अट होती. उन्हाळ्यात फळ्यावर निदान नऊ फूट पाहिजेत. त्यांनी आपल्या वह्यांवरून सरासरी काढली. वाचा, शेवटची ओळ."

मापाऱ्यानं चष्मा लावला. उपलब्ध खोली आठ फूट तीन इंच. बारमाही मोठ्या वाहतुकीस नदी अपुरी. सबब प्रस्ताव रद्द. निधी समुद्रापर्यंतच्या चौपदरी रस्त्याकडे वळवावा.

आठ फूट तीन इंच. त्यात नऊ इंच मिळवले की किती होतात हे त्याला बोटांवर मोजायची गरज पडली नाही.

"मी नवी मोजणी करून पुन्हा पाठवेन," मॅडम म्हणाल्या, पण आवाजात जोर नव्हता. "आता रस्ता आहे म्हणतील. बघू."

तो धक्क्यावरून चालत निघाला. वजनकाट्यावर एकच ट्रक होता. सुतारांच्या शेडपैकी दोन बंद होत्या. त्या कधी बंद झाल्या, कोण कुठे गेलं, हे त्याला माहीत होतं. इतकी वर्षं लोकांबरोबर तोही म्हणत आला होता, की काय करणार, नदीच उथळ. नदीला नावं ठेवणाऱ्यांत तो सगळ्यांत पुढे असायचा.

व्याह्यांच्या घरी बातमी आधीच पोचली होती. मुकादम बाहेर गेला होता, आंघोळ करून, केस विंचरून, धक्क्यावर चक्कर मारायला. मंगळवारपर्यंत त्याला धीर नव्हता. घरात मुलगी एकटी होती. नवऱ्याचे धुतलेले सदरे घड्या घालून पिशवीत ठेवत होती. तो गुरुवारी येणार होता, शनिवारी जाणार होता आणि जाताना पिशवी तयार लागते. दाराच्या मागे दिनदर्शिका होती. तिच्यावर पंधरा-पंधरा दिवसांनी दोन दोन चौकटींना पेननं गोल केलेले होते, वरपासून खालपर्यंत.

"बाबा, बरं केलंत," ती म्हणाली. "मामंजी तीन दिवस जेवले नव्हते धड."

मापारी पाटावर बसला. त्याला उठून जायचं होतं, पण ज्या तोंडानं दुपारी एक सांगितलं त्याच तोंडानं हे गिळणं त्याला जमेना. त्यानं तिला पानावरची ओळ सांगितली. सहाशे नोकऱ्या सांगितल्या. नऊ इंच सांगितले. "तुझा नवरा रस्त्यावर आहे तो माझ्यामुळे," तो म्हणाला. "नदी पुरेशी होती."

मुलीचे हात थांबले. तिला हिशेब समजायला वेळ लागत होता असं नाही; ती लहानपणी त्याच्या मांडीवर बसून बांबूचे पट्टे मोजायला शिकली होती.

"पण तुम्ही वीत ठेवली नसती तर बोटी अडकल्या असत्या ना? माणसं मेली असती एखाद वेळी."

तिनं त्याला वाट काढून दिली होती, आणि ती धरायचा त्याला फार मोह झाला.

"नसत्या अडकल्या," तो म्हणाला. "तुझे सासरे भरतच होते."

मग हातातला सदरा तिनं पुन्हा झटकला, बाह्या आत घेतल्या, घडी घातली, पिशवीत ठेवली आणि वर हात फिरवून सपाट केली.

"यांना सांगू नका," ती म्हणाली. "दोनच दिवस येतात."

मापाऱ्यानं मान हलवली आणि तिच्या हाताशी राहिलेला दुसरा सदरा उचलून दिला.